वर्षाला एक मिलिमीटर

दर वर्षी १४ नोव्हेंबरला मी कपाटावरची पत्र्याची लांब नळी खाली काढतो. तिच्यात गुंडाळून ठेवलेली ए-झीरो शीट जमिनीवर पसरतो, चार कोपऱ्यांवर चार जाड पुस्तकं ठेवतो आणि क्लच पेन्सिलीत ०.३ चं लेड घालून एक ठिपका देतो. आदल्या वर्षीच्या ठिपक्यापासून जेमतेम एक मिलिमीटर पुढे. काम एवढंच. दोन मिनिटांत होतं. पण शीट परत नळीत जाईपर्यंत बहुतेक वेळा संध्याकाळ होते, कारण एकदा पसरली की मी तिच्याशेजारी बसून राहतो.

शीटवर सेडनाची कक्षा आहे. सेडना म्हणजे नेपच्यूनच्याही खूप पलीकडे फिरणारा, सुमारे १,००० किलोमीटर व्यासाचा बर्फाळ, तांबूस गोळा. हा शोध १४ नोव्हेंबर २००३ च्या रात्री घेतलेल्या फोटोंमधून लागला आणि १५ मार्च २००४ ला जाहीर झाला. मी तेव्हा बेचाळीस वर्षांचा होतो आणि नोकरीत ड्राफ्ट्समन होतो. बातमीत आकडे होते: सूर्याभोवती एक फेरी मारायला १०,५०० वर्षं, सूर्यापासून जास्तीत जास्त अंतर १३,००० कोटी किलोमीटर. वाचले, पुन्हा वाचले, काही हाती लागेना. माझी सवय अशी की एखादी गोष्ट स्केलमध्ये काढून बघितल्याशिवाय मला ती कळतच नाही. चौतीस वर्षं यंत्रांचे भाग एकास एक, एकास दोन, एकास दहा असे काढत आलो. मग ठरवलं, हीदेखील काढायची.

स्केल कोणतं घ्यायचं हा पहिला प्रश्न. पृथ्वी आणि सूर्य यांच्यातलं सरासरी अंतर, म्हणजे सुमारे १५ कोटी किलोमीटर, याला खगोलीय एकक म्हणतात. एका एककाला एक मिलिमीटर धरला, तर सेडनाची कक्षा १,०१२ मिलिमीटर लांब आणि ५३४ मिलिमीटर रुंद होते. ए-झीरो शीट १,१८९ बाय ८४१ ची. बरोबर बसली! स्केलच्या रकान्यात काय लिहायचं याचा हिशेब केला तर आलं एकास दीडशे लाख कोटी. असा आकडा त्या रकान्यात मी त्याआधी कधी लिहिला नव्हता.

लंबवर्तुळ काढायची शाळेतली रीत सगळ्यांना माहीत असते. दोन टाचण्या, दोऱ्याचं वेटोळं, दोरा ताणून धरत पेन्सिल फिरवायची. टाचण्या असतात त्या दोन जागा म्हणजे लंबवर्तुळाच्या नाभी, आणि ग्रहांच्या बाबतीत त्यांतल्या एका नाभीवर सूर्य असतो. दुसरी मोकळी. सेडनासाठी या दोन टाचण्यांमध्ये ८६० मिलिमीटर अंतर ठेवावं लागतं आणि वेटोळ्याची एकूण लांबी १,८७२ मिलिमीटर. साधा दोरा ताण दिला की लांबतो आणि रेघ फुगते, म्हणून मेण घासलेला दोरा घेतला. गुडघ्यांवर बसून, एका हाताने पेन्सिल उभी धरून, दोरा कुठे सैल पडत नाही ना हे बघत, टाचणी उपटून येणार नाही याची काळजी घेत ती रेघ पूर्ण करायला मला अर्धा तास लागला. हाताला रग लागली.

मग सूर्याच्या टाचणीभोवती कंपासने नेपच्यूनची कक्षा काढली. ३० मिलिमीटर त्रिज्या. म्हणजे आपण पुस्तकात जिला 'सूर्यमाला' म्हणून बघतो, ती सगळी आठ ग्रहांची सूर्यमाला ६ सेंटिमीटरच्या वर्तुळात मावली, चहाच्या कपाच्या बुडाएवढी. पृथ्वीची कक्षा काढता आली नाही, २ मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ कंपासने निघत नाही, तिथे वर्तुळांचा टेम्पलेट वापरला. टाचणीने पडलेलं भोकच बुधाच्या कक्षेएवढं होतं. आणि या वर्तुळाच्या बाहेर, कागदाच्या दुसऱ्या टोकापर्यंत, नुसती सेडनाची ती एक रेघ. पांढऱ्या कागदावर पाऊण मीटरहून जास्त एकटी जाते आणि तशीच एकटी परत येते.

व्हॉयेजर १ हे यान १९७७ मध्ये निघालं. माणसाने बनवलेली त्याहून दूर गेलेली दुसरी वस्तू नाही. ते आज सुमारे १६९ एककांवर आहे. माझ्या शीटवर, दिशा सोडून नुसतं अंतर मोजलं, तर टाचणीपासून १७ सेंटिमीटर. सेडनाचं दूरचं टोक ९३ सेंटिमीटरच्याही पुढे.

आता त्या रात्रीबद्दल. अमेरिकेतल्या पालोमार वेधशाळेतली सॅम्युअल ऑशिन दुर्बीण, तिचा आरसा काही फार मोठा नाही, १.२ मीटरची दुर्बीण म्हणून ती ओळखली जाते. पण तिला आकाशाचा मोठा तुकडा एकदम दिसतो. मायकेल ब्राउन, चॅड त्रुहियो आणि डेव्हिड रॅबिनोवित्झ हे तिघं तिच्यावर बसवलेल्या कॅमेऱ्याने रोज रात्री आकाशाच्या एकेका भागाचे थोड्या थोड्या वेळाने तीन फोटो घेत आणि कोणता ठिपका सरकला ते बघत. तारे सरकत नाहीत. त्या रात्री एक ठिपका ३.१ तासांत ४.६ विकला सरकला. एका अंशाच्या ३,६०० विकला होतात, म्हणजे हे सरकणं किती बारीक असेल बघा. आणि ठिपका तरी केवढा, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या ताऱ्याहून सुमारे दहा लाख पट मंद.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट मला फार उशिरा कळली. तो ठिपका सरकला तो मुख्यतः सेडना सरकल्यामुळे नव्हे. आपण सरकल्यामुळे. पृथ्वी सेकंदाला ३० किलोमीटर धावते, ३.१ तासांत ती सव्वातीन लाख किलोमीटरांहून जास्त जाते. धावत्या गाडीतून जवळचं झाड झपकन मागे पडतं, लांबचा डोंगर हळूहळू, तसंच हे. ठिपका जितका हळू सरकेल तितकी वस्तू लांब. त्यामुळे पहिल्याच दिवशी, कक्षा वगैरे काही माहीत नसताना, नुसत्या त्या ४.६ विकलांवरून लक्षात आलं की ही वस्तू १०० एककांच्या आसपास असणार. नेमकं अंतर पुढे ९० एककं निघालं. मी स्वतः कागदावर गुणाकार-भागाकार करून बघितला. ९० एककांवर एखादी वस्तू निश्चल धरली, तर पृथ्वीच्या चालीमुळे ती तेवढ्या वेळात ५ विकला सरकलेली दिसायला हवी. सेडनाची स्वतःची थोडी चाल त्यातून वजा केली की जमतं. रात्री साडेअकराला गणित सुटलं आणि झोप उडाली.

पुढे १९९० सालच्या जुन्या फोटोंमध्येही ती सापडली. तेरा वर्षं ती त्या फोटोच्या काचेवर होती, बघितलं कुणी नव्हतं. अशा जुन्या जागा मिळाल्यामुळे कक्षा नक्की करता आली. आणि इतक्या हळू सरकणाऱ्या वस्तूही असतात हे कळल्यावर त्या तिघांनी आपले जुने फोटो पुन्हा तपासले, त्यातून जानेवारी २००५ मध्ये जवळपास प्लूटोएवढी एरिस मिळाली. एरिसनंतर प्लूटोचं काय झालं ते सगळ्यांनाच माहीत आहे, त्यात शिरत नाही.

शीटवर मी लंबवर्तुळाला मधोमध आडवा छेद देणारी एक तुटक रेघ काढली आहे. सूर्याकडची अर्धी बाजू आणि पलीकडची अर्धी बाजू. कागदावर दोन्ही सारख्या दिसतात. पण केप्लरच्या नियमाने वस्तू सूर्याजवळ वेगात आणि दूर गेल्यावर रेंगाळत जाते. सेडनाच्या ११,४०० वर्षांच्या फेरीत (बातमीतला १०,५०० चा आकडा पुढे सुधारला) पलीकडच्या अर्ध्या भागात ती सुमारे ८,८०० वर्षं असते. अलीकडच्या अर्ध्या भागात २,६००. आणि सूर्यापासून १०० एककांच्या आत, म्हणजे २००३ ची ती दुर्बीण तिला पकडू शकेल अशा अंतरात, किती वर्षं? दोनशे.

हा आकडा काढला तेव्हा मी पेन्सिल खाली ठेवली. ११,४०० मधली २०० वर्षं, आणि नेमकी त्या २०० वर्षांत आपण आहोत, हातात दुर्बीण घेऊन. २०७६ मध्ये ती सूर्याच्या सगळ्यात जवळ येईल, ७६ एककांवर, आणि मग पुन्हा निघेल. याआधी ती इथे आली होती तेव्हा हिमयुग नुकतंच सरलं होतं, शेती सुरू होत होती. दूरच्या टोकावर असती तर तिचा उजेड आजच्यापेक्षा दहा हजार पटींहून मंद असता, आजच्या कोणत्याही नेहमीच्या पाहणीत ती सापडली नसती.

पण मग दुसरा विचार येतो, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. लॉटरी लागल्यासारखी एकच एक सेडना आहे आणि आपण तिला नेमकी वेळ साधून पकडली, असं मानण्यात काही अर्थ नाही. साध्या हिशेबाने, अशा कक्षेतली एक वस्तू दिसते तेव्हा तशाच पन्नास-साठ वस्तू या घडीला आपापल्या कक्षांच्या लांबच्या भागात, नजरेच्या बाहेर असायला हव्यात. शीटचा तो पांढरा भाग रिकामा नाही. तिथे काय आहे ते काढायला माझ्याकडे माप नाही, एवढंच.

सेडना तिथे गेली कशी, हा प्रश्न तर अजून उभाच आहे. नेपच्यून लहान वस्तूंना लांब भिरकावतो, हे नेहमीचं. पण गुरुत्वाकर्षणाने भिरकावलेली वस्तू फेरी पूर्ण करून परत येते ती जिथून फेकली गेली त्याच जागेजवळ. ज्याने हाकललं त्याच्याच दारावरून तिला पुन्हा जावं लागतं. म्हणून नेपच्यूनने फेकलेल्यांचं जवळचं टोक नेपच्यूनच्या आसपास, ३०-४० एककांवर असतं. सेडनाचं ७६ वर आहे. नेपच्यूनचा हात तिथे पोचत नाही. शीटवर हे फार स्पष्ट दिसतं: ६ सेंटिमीटरचं वर्तुळ, मग साडेचार सेंटिमीटर कोरा कागद, मग तिची रेघ. दोघांचा कुठेही संबंध येत नाही.

मग तिला ओढून कुणी नेलं? एक उत्तर असं की सूर्य एकटा जन्मला नाही, ताऱ्यांच्या गर्दीत जन्मला, आणि त्या काळात एखादा तारा काहीशे एककांवरून गेला. त्याच्या ओढीने सेडनासारख्यांची जवळची टोकं उचलली गेली. माझ्या स्केलवर आज सगळ्यात जवळचा तारा २६८ मीटरांवर येतो, आणि त्या काळातला तो तारा याच खोलीतून गेला असं समजा. दुसरं उत्तर, अजून न दिसलेला एक मोठा ग्रह. जानेवारी २०१६ मध्ये कॉन्स्टंटिन बाटिगिन आणि मायकेल ब्राउन यांनी ते आकडेमोडीसह मांडलं. दूरच्या काही वस्तूंच्या कक्षा एकाच दिशेला कललेल्या दिसतात, हा त्यांचा आधार. मला स्वतःला ताऱ्याची गोष्ट जास्त पटते. तारे झुंडीने जन्मतात हे आपण आजही बघतो, त्यासाठी नवीन काही गृहीत धरावं लागत नाही. शिवाय २०२५ च्या जुलैमध्ये सुबारू दुर्बिणीने शोधलेली आणखी एक अशी वस्तू जाहीर झाली, २०२३ केक्यू१४, आणि तिच्या कक्षेची दिशा बाकीच्यांहून वेगळी निघाली. पण ग्रह उद्या सापडला तर मला वाईट वाटणार नाही, शीटवर काढायला आणखी एक रेघ मिळेल.

माझी नात बारा वर्षांची आहे. या वर्षी शीट पसरली तेव्हा ती शेजारी बसली होती. तिने विचारलं, "आजोबा, तिथून सूर्य केवढा दिसतो?" मी कागदावर हिशेब केला. इथून सूर्य अर्ध्या अंशाचा दिसतो, तिथून त्याच्या ८३ व्या हिश्शाएवढा, २३ विकला. डोळ्याला हा गोल म्हणून कळणारच नाही, नुसता लखलखीत बिंदू. मग तिला म्हटलं, फणीतला एक केस आण. हात लांब करून तो केस चिमटीत उभा धरायला सांगितला, खिडकीतल्या उजेडाकडे, सूर्याकडे नव्हे. केसाची जाडी त्या अंतरावरून साधारण तेवढीच दिसते. म्हणजे सेडनावर उभं राहून हात लांब केला तर एका केसाने सूर्य झाकला जाईल. तिने एक डोळा मिटून बराच वेळ तो केस बघितला. हात थरथरला की केस नाहीसा व्हायचा, मग पुन्हा सापडायचा.

"म्हणजे तिथे काळोख?" काळोख नाही, हेच तर! सूर्याचा उजेड तिथे आपल्या सात हजाराव्या हिश्शाएवढा, पण आपलं पौर्णिमेचं चांदणं सूर्यापेक्षा चार लाख पट कमी असतं. म्हणजे सेडनावरची आजची दुपार पौर्णिमेच्या पन्नासपटीहून उजळ आहे. आरामात वाचता येईल. दूरच्या टोकाला गेल्यावर तो उजेड अर्ध्या पौर्णिमेएवढा होईल, तरी पायाखालचं दिसेल. थंडी मात्र उणे २४० अंशांच्या खाली. मिथेनचा बर्फ, त्यावर लाखो-कोटी वर्षं किरणांचा मारा, त्यातून झालेली तांबूस पुटं. जेम्स वेब दुर्बिणीने तिच्या पृष्ठावर इथेनही ओळखलं आहे, तेही मिथेनवरच्या या माऱ्यातून होतं. सुरुवातीला वाटलं होतं की ती स्वतःभोवती फार सावकाश, वीस ते पन्नास दिवसांत फिरते, आणि तिला एखादा चंद्र रोखून धरत असणार. हबलने शोधलं, चंद्र नाही. नंतर कळलं, ती साधारण १० तासांत एक गिरकी घेते, रोखणाऱ्या चंद्राची गरजच नव्हती. मला मात्र चंद्र नसल्याची हळहळ वाटते, कारण चंद्राच्या फेरीवरून वजन काढता येतं.

आता मोजमापाचं. ठिपका वर्षाला एक मिलिमीटर असं मी म्हणतो खरं, पण नेमकं माप त्याहून किंचित कमी आहे. सेडना सध्या सेकंदाला सुमारे साडेचार किलोमीटर जाते, म्हणजे वर्षाला ०.९ एककाच्या थोडं वर. २०७६ मध्ये ते ०.९८ होईल. दूरच्या टोकाला मात्र ०.०८, तिथे एक मिलिमीटर सरकायला बारा वर्षांहून जास्त लागतील. शीटचीही तशी पहिली आवृत्ती आता नाही. २००४ चे आकडे घेऊन काढली होती तेव्हा दोरा सुमारे दहा सेंटिमीटर आखूड होता. पुढे कक्षा नेमकी होत गेली. एकट्या सूर्याऐवजी सूर्य आणि ग्रह यांचा मिळून गुरुत्वमध्य धरला की फेरी ११,४०० वर्षांची येते, म्हणून मी ती पुन्हा काढली. जुनी रेघ फिकी करून तशीच ठेवली आहे, खोडली नाही. ड्रॉइंगवर रिव्हिजन लिहायची असते, मागचं पुसायचं नसतं.

२०१४ मध्ये सेडनासारखीच आणखी एक वस्तू, २०१२ व्हीपी११३, जाहीर झाली, जवळचं टोक ८० एककांवर, तिची रेघ हिरव्या पेन्सिलीने त्याच शीटवर आहे. खरं तर ग्रहांच्या पातळीपासून दोघींच्या कक्षांचे कल वेगळे आहेत, एकीचा १२ अंश, दुसरीचा २४, सपाट कागदावर ते दाखवता येत नाही, बाजूला टीप लिहिली आहे. अशीच तिसरी, लेलेआकुहोनुआ, मात्र मावत नाही. तिचं जवळचं टोक ६५ वर, पण तिची कक्षा या स्केलवर दोन मीटरांच्या पुढे जाते. तिच्यासाठी दोन शीट जोडाव्या लागतील आणि खोलीतलं सामान हलवावं लागेल. चिलीतली व्हेरा रुबिन वेधशाळा आता कामाला लागली आहे, दर काही रात्रींनी दक्षिणेकडचं सगळं आकाश टिपणार आहे. अशा आणखी किती रेघा येतील याची मी मनापासून वाट बघतो आहे.

यंदाचा ठिपका नातीने दिला. तेविसावा. मी आधी रद्दी कागदावर तिच्याकडून दहा-बारा ठिपके काढून घेतले, पेन्सिल तिरकी धरली की ठिपका लांबट होतो, ती उभी धरायची. ठिपका दिल्यावर तिने स्टीलची पट्टी घेतली आणि पहिल्यापासून तेविसाव्यापर्यंत अंतर मोजलं. वीस मिलिमीटर. मग २०७६ ची जवळच्या टोकाची खूण कुठे आहे ते विचारलं आणि तिथपर्यंत मोजलं, पाच सेंटिमीटरला थोडं कमी. बोटांवर हिशेब करून म्हणाली, "मी तेव्हा त्रेसष्ट वर्षांची असेन." मी म्हटलं, हो, माझ्या आजच्या वयाची.

शीटच्या उजव्या कोपऱ्यात टायटल ब्लॉक आहे. नाव, स्केल, तारीख, रिव्हिजन, 'ड्रॉन बाय' आणि 'चेक्ड बाय'. शेवटचा रकाना एकवीस वर्षं कोरा होता. ऑफिसात चेक्ड बायवर दुसऱ्याची सही असल्याशिवाय ड्रॉइंग बाहेर जात नसे, आणि घरी मोजून बघणारं दुसरं कुणी नव्हतं. तिने पुन्हा एकदा पट्टी लावली, दहाव्या आणि अकराव्या ठिपक्यांमधलं अंतर बाकीच्यांपेक्षा जास्त आहे असं दाखवून दिलं, ते खरंच होतं. शेजारी बारीक अक्षरात तशी टीप लिहिली. मग तिने रकान्यात सही केली आणि खाली तारीख घातली.